एक प्रत शाबूत असूनही

‘जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक शाबूत असेल तर विकार होऊ नये’ असे मत अनेकदा मांडले जाते. ते अनेक जनुकांना लागू पडते, डोळ्याच्या घडणीवर नियंत्रण ठेवणाऱ्या पॅक्स-६ या जनुकाला मात्र नाही. हे जनुक स्वतः डोळ्याचा कोणताही भाग घडवत नाही. त्याचे प्रथिन डीएनएला चिकटून इतर जनुकांचे काम चालू-बंद करते, आणि अशा नियंत्रकाचे प्रमाण निम्म्यावर आले की दुसरी प्रत निर्दोष असूनही गर्भातील डोळ्याची घडण बिघडते.

याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले. कोल्हापुरात आमच्या शेजारचे बाळ रंकाळ्यावर संध्याकाळच्या तिरप्या उन्हातही डोळे घट्ट मिटून घेई. उन्हाची सवय नसेल, असे आम्ही सारेच (मी जीवशास्त्र शिकवत असूनही) समजत राहिलो. तपासणीत डोळ्यातील रंगीत पडदा जवळजवळ नसल्याचे, म्हणजे पॅक्स-६ ची एक प्रत बिघडल्याने होणारा अ‍ॅनिरिडिया असल्याचे आढळले. घराण्यात हा विकार कोणालाच नव्हता, आणि नेमक्या अशाच वेळी जनुकीय तपासणी महत्त्वाची ठरते: ११व्या गुणसूत्रावर पॅक्स-६ च्या जवळच डब्ल्यूटी-१ हे जनुक आहे, आणि गुणसूत्राचा तुकडा तुटून पॅक्स-६ सोबत तेही गेले असेल तर लहानपणी मूत्रपिंडात विल्म्स ट्यूमर हा कर्करोग होण्याचा धोका बराच वाढतो, त्यामुळे पहिली काही वर्षे ठरावीक अंतराने सोनोग्राफी करावी लागते. या बाळाचे डब्ल्यूटी-१ शाबूत निघाले.