जर्मनीत बसच्या वेळापत्रकातली चिन्हं – तातडीने मदत हवी

रातराणी_७: थांब्यावरच्या कागदावर १९.४२ची बस स्पष्ट छापली आहे. वर फुलीसारखे दोन हातोडे आहेत. गुरुवारी ताटकळत उभी राहिले, बस आलीच नाही. रात्रपाळीला उशीर चालत नाही आणि उद्या परत जायचंय. हातोड्यांचा अर्थ काय?

नेकरकाठ: गाव कोणतं? गुरुवार म्हणजे परवाचा, १९ जून का?

बंडू_म्युनिक: कागद कशाला वाचता? ॲप बघा. आणि डॉइचलँडटिकट घ्या, देशभरातल्या स्थानिक बस-रेल्वेचा महिन्याचा पास. भाव वाढलाय, तरी परवडतं.

रातराणी_७: तिकीट आहे हो, बस नाहीये! श्टुटगार्टजवळ राहते. हो, परवाच.

नेकरकाठ: हातोडे म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. क्रूस म्हणजे रविवार आणि सणाच्या सुट्ट्या. परवा फ्रोनलाइखनाम हा कॅथलिक सण होता, आपल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात सुट्टी. म्हणजे वार गुरुवार, पण बस रविवारच्या. दुकानं बंद दिसली नाहीत का ताई?

रातराणी_७: दिवसभर झोपले होते. आम्हा नर्सेसना कसली सुट्टी!

स्प्रेवासी: बर्लिनमध्ये परवा सुट्टी नव्हती. राज्यागणिक फरक आहे, मित्रमैत्रिणींच्या सांगण्यावर जाऊ नका.

मोझेलकर: आमच्या ट्रिअरला तर संध्याकाळी आणि रविवारी क्रमांकच बदलतात, ऐंशीच्या घरातले येतात. मार्गही वेगळे. दिवसाच्या क्रमांकाची वाट बघणारा नवखा माणूस हमखास अडकतो.

बंडू_म्युनिक: म्हणूनच ॲप! तारीख टाकली की संपलं.

नेकरकाठ: तारखेचं मान्य. पण फोनच्या चिन्हाकडे दुर्लक्ष केलं तर ॲपमध्ये दिसलेली फेरीही येत नाही. ताई, उद्या रविवार, म्हणजे क्रुसाचा रकाना; त्यात संध्याकाळी फोनचं चित्र आहे का?

रातराणी_७: आहे, १९.५०ला. तो चौकशीचा नंबर ना?

नेकरकाठ: नाही! ती बोलावली तरच येणारी टॅक्सी. बसऐवजी तीच असते. किती आधी सांगायचं ते खाली बारीक अक्षरात असेल. आजच फोन करा.

मीनल_सातारा: नर्सिंगला जर्मन भाषेची बी-२ पातळी लागतेच का? भाचीला यायचंय.

स्प्रेवासी: वेगळा धागा काढा ना.

रातराणी_७: नोंद झाली, तासभर आधी सांगावं लागतं म्हणाले. पण ड्यूटी संपल्यावर सकाळी ६.१५ला परत येताना काय?

नेकरकाठ: तोवर सोमवार उजाडलेला असेल. हातोड्यांचा रकाना बघा.