रिकामी स्टेडियम आणि बोडो/ग्लिम्टचं २०२० चं विजेतेपद
करोनामुळे मैदानं रिकामी होती म्हणून बोडो/ग्लिम्ट या नॉर्वेच्या फुटबॉल क्लबला २०२० ची एलिटसेरियन (नॉर्वेची सर्वोच्च लीग) सोपी गेली, असं एक मत आहे; ते मला पटत नाही. रिकाम्या मैदानांचा फायदा सोळाही संघांना सारखाच होता, आणि हंगाम उशिरा जूनमध्ये सुरू झाला तरी प्रत्येक संघाचे सामने पूर्ण ३० झाले. त्यात बोडो/ग्लिम्टचे २६ विजय, एकच पराभव, ८१ गुण. दुसऱ्या क्रमांकाचं मोल्डे ६२ वर!

आता गोलांची फोड बघा. संघाच्या एकूण १०३ गोलांपैकी युंकरचे २७, झिंकरनागेलचे १९, हाउगेचे १४, म्हणजे ६० गोल आघाडीच्या या तिघांचेच. डावीकडून उजव्या पायावर आत शिरणारा हाउगे ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच इटलीच्या मिलान क्लबला गेला, तरी प्रशिक्षक क्नुत्सेन यांनी ४-३-३ ची मांडणी (चार बचावपटू, तीन मधल्या फळीत, तीन आघाडीवर) आणि वरपर्यंत चढून प्रतिस्पर्ध्याला दाबायची पद्धत सोडली नाही. विजेतेपद नोव्हेंबरमध्येच पक्कं झालं.