गाडीची काच फोडून बॅग चोरली : घराच्या विम्यातून भरपाई मिळते का?

घोडबंदरकर
काल संध्याकाळी वाशीत सेक्टर १७ ला रस्त्याकडेला लावलेल्या गाडीची मागची काच फोडून सीटवरची बॅग नेली. आत ऑफिसचा लॅपटॉप, स्वतःचा सिमवाला टॅब, बायकोचं मंगळसूत्र आणि थोडी रोकड होती. घराला भारत गृह रक्षा विमा पॉलिसी आहे, घरसामानासकट. गाडी १२०० सीसी, विमा फुल. क्लेम कुठे टाकू? पोलिसांत अजून गेलेलो नाही.

क्लेमकट्टा
भारत गृह रक्षातून काही निघणार नाही. ती मुळात आग, पूर, भूकंप, दंगल यांची पॉलिसी. तिच्यात चोरी आहे, पण अशाच एखाद्या संकटामुळे आणि त्यानंतर ७ दिवसांच्या आत झालेली. साधी घरफोडीसुद्धा त्यात बसत नाही. तिचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि तिथेही सहसा घरात जबरदस्तीने घुसल्याच्या खुणा मागतात. गाडीची फुटकी काच त्याला चालत नाही.

मंगळसूत्रासाठी 'ऑल रिस्क' कव्हर घेतलं असेल तर ते घराबाहेरही लागू होऊ शकतं. मात्र गाडीत कुणी नसताना झालेली चोरी अनेक पॉलिसींत वगळलेली असते, नाहीतर वस्तू बंद डिकीत हवी अशी अट असते. सीटवर बॅग होती म्हटल्यावर तिथे अडकाल. रोकड गेली असंच धरा.

पाचपाखाडी
आज पहिलं काम एफआयआर. 'सामान हरवले' असा दाखला घेऊन परतू नका, विमा कंपनीला चोरीचाच गुन्हा नोंदवलेला लागतो. तुमच्या घोडबंदरकडच्या कासारवडवली पोलीस ठाण्यालाही तक्रार घ्यावीच लागते: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचं कारण देता येत नाही, झिरो एफआयआर करून वाशीला पाठवतात. तरी जमलं तर थेट वाशीलाच जा. पंचनामा तिथलेच पोलीस करणार, आणि दुकानांच्या सीसीटीव्हीवर जुनं रेकॉर्डिंग पुसून नवं चढत राहतं. फिर्यादीत प्रत्येक वस्तूचं मॉडेल, सिरियल नंबर आणि किंमत येऊ द्या; नंतर 'एक टॅब राहून गेला' म्हटलं की संशय येतो. प्रत फुकट मिळते. ती जोडून टॅबचा आयएमईआय (सिमवाल्या उपकरणाचा ओळख क्रमांक) सीईआयआर या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करा. लॅपटॉप कंपनीच्या मालकीचा, त्याचा क्लेमही कंपनीचाच. आयटीवाल्यांना आत्ताच कळवा, लॉगिन बंद होऊ दे.

क्लेमकट्टा
गाडीच्या पॉलिसीत काच येते, आतलं सामान नाही. सामानासाठी 'लॉस ऑफ पर्सनल बिलाँगिंग्ज' हे अ‍ॅड-ऑन लागतं. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये त्याचा प्रीमियम लावलाय का बघा. त्यातही रोख आणि दागिने बहुधा वगळलेले, काही कंपन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूही वगळतात.

काचेवर घसारा (जुनी झाल्याची कपात) कापत नाहीत, पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये स्वतःचे भरावे लागतात. समजा बिल ३५०० आलं, तर हातात २५००, आणि नूतनीकरणाला एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) शून्यावर. तुमचा एनसीबी ५०% असेल तर हा क्लेम तोट्याचा. ही सूट टिकवणारं एनसीबी प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

घोडबंदरकर
एनसीबी २०% आहे. काच लगेच बसवून घेऊ का? पाऊस आत येतोय.

क्लेमकट्टा
क्लेम करणार असाल तर आधी कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्या, सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय काच बदलू नका. तोवर बाहेरून प्लास्टिक चिकटवा. सीटवरचा चुरा पंचनामा होईपर्यंत झाडू नका. नंबरप्लेट दिसेल असा एक फोटो आणि फुटक्या कडेचा जवळून एक, एवढे आत्ताच काढून ठेवा.