सध्या काय ऐकताय? (कानाचं मशीन लावून कुणी ऐकतं का?)

खर्ज

सध्या कोण काय ऐकतंय ते लिहा बरं. माझं आधी सांगते. तीन आठवडे झाले, एकच लावतेय: अमीर खाँसाहेबांचा मारवा राग, एलपीची ती एक बाजू. 'पिया मोरे अनत देस', झुमरा तालात. हौस म्हणून नाही, अडकलेय म्हणून.

दोन महिन्यांपूर्वी दोन्ही कानांना मशीन आलं. वय सदुसष्ट. बोलणं आता लख्ख कळतं. घरातले पुटपुटतात असं मी चार वर्षं म्हणत होते, ते कुणी पुटपुटत नव्हतं. पण पहिल्यांदा गाणं लावलं आणि चक्रावले. तंबोरा सुरू होतो, चार-पाच सेकंद छान घुमतो, आणि मग कुणी हळूच दार लोटून घ्यावं तसा लांब जातो. बासरीचं तर विचारूच नका. लांब सूर लागला की थरथरतो, मध्येच किणकिण करतो. आधी वाटलं रेकॉर्डिंग खराब आहे, म्हणून तीन बदलून पाहिली.

मशीन काढावं तर थरथर जाते, पण तंबोऱ्याची जवारीही (तारांची ती झणझण) जाते. मग उरतो तो नुसता बोथट 'डुंग डुंग'.

मारव्यात हे फारच जाणवतं. पंचम नाही, आणि गाणारा षड्जावर, म्हणजे सा वर, यायला तयार नाही. रिषभ-धैवतावर रेंगाळत राहतो. तो खुशाल रेंगाळतो, कारण षड्ज मागे तंबोऱ्यात आहे. माझ्या कानात तो मागचा षड्जच बंद! परवा तर कमाल झाली. मधली दोन-तीन मिनिटं मला चक्क भूप रागासारखं ऐकू येत होतं. खाँसाहेब आणि मारव्यात भूप? कुणाला सांगायची लाज वाटली म्हणून इथे लिहितेय.

अतिकोमल

लाज कसली, कान बरोबर आहे तुमचा! मारव्यातला सा काढून टाका. उरले कोमल रे, ग, तीव्र म, ध, नी. आता धैवताला सा माना आणि तिथून मोजा: नी होतो रे, कोमल रे होतो ग, ग होतो प, आणि तीव्र म होतो ध. सा रे ग प ध. भूपच की! मूर्च्छना बदलली, म्हणजे स्वर तेच पण सा दुसरा धरला, एवढंच. तंबोरा गेला की कान जवळचा भक्कम स्वर पकडतो, आणि मारव्यात धैवताइतकं भक्कम दुसरं काय आहे?

मी स्वतः पेटीवर हा खेळ खूप खेळलो आहे. पण कुणाच्या मशीनने तो आपोआप खेळलेला पहिल्यांदाच ऐकतोय.

माझं ऐकणं सध्या याच घरातलं आहे: एका बैठकीत पूरिया, मारवा, सोहनी. तिन्हींचे स्वर तेच सहा. पूरिया ग-नी धरून मंद्रात खाली खाली जातो, मारवा मध्ये रे-ध वर ताटकळतो, सोहनी सरळ तार षड्जाकडे धाव घेते. ओळीने ऐकल्यावर सोहनीला थोडा उथळपणा आहे असं माझं मत झालंय. शिव्या द्या. आणि तोंड गोड करायला शेवटी किशोरीताई आमोणकरांचा भूप, 'प्रथम सुर साधे'. तुमच्या निमित्ताने आज तो आधी लावला.

झुमरा

ताई, मी सहा वर्षं मशीनवाला आहे. तुमचा तंबोरा मशीनच खातंय.

ही यंत्रं बोलण्यासाठी बनवलेली. बोलणं सारखं वरखाली होतं, आणि एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा नाहीतर मोटार, असं मशीन धरून चालतं आणि तो दाबतं. तंबोऱ्याचं दुर्दैव असं की एकसारखं चालू राहणं हेच त्याचं काम. बासरीचं कारण वेगळं. मशीनने स्वतःच शिट्टी मारायला नको म्हणून त्यात एक बंदोबस्त असतो. लांब सरळ सूर आला की त्याला वाटतं ही शिट्टीच, आणि तो ती कापायला जातो. तीच तुमची किणकिण.

ऑडिऑलॉजिस्टकडे जाऊन गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून मागा. त्यात नॉइज रिडक्शन बंद, शिट्टीचा बंदोबस्त शक्य तितका कमी, माइक चहूबाजूंनी ऐकणारे, आणि कम्प्रेशन सौम्य (नाहीतर हळू आणि मोठं सगळं एकाच उंचीचं होतं, गमक सपाट लागते). 'गाणं नीट येत नाही' एवढंच सांगू नका, ते मान डोलावतील आणि आवाज वाढवून देतील. माझं पहिल्यांदा तेच झालं. फोनवर तंबोरा घेऊन जा, तिथे लावा, आणि कुठल्या सेकंदाला गायब होतो ते बोटाने दाखवा.

तोवर छेडलेली वाद्यं ऐका. सतार-सरोदचा सूर उमटून विरत जातो, मशीन कमी फसतं. माझ्याकडे सध्या निखिल बॅनर्जी चालू आहेत, रोज रात्री, आलाप संपेपर्यंत दिवा बंद.

तीन मिनिटं

माझं उत्तर नावातच आहे. ७८च्या तबकड्या. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटांची, त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी, 'पिया बिन नाही आवत चैन'. विलंबिताला वेळच नाही, तरी घाई नाही! तो माणूस तीन मिनिटांत निवांत कसा बसतो, हे मला चाळीस वर्षं कळलेलं नाही. त्यांचा आवाज इतका सुरात की मागचा तंबोरा कमी ऐकू आला तरी काही बिघडत नाही. ताईंनी आधी हेच लावून बघावं.

आणि केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली ती. त्याच वर्षी बाईही गेल्या. त्या तबकडीत मला दर वेळी शेवटची तान पुरत नाही.

सोहनी उथळ म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

खर्ज

काल जाऊन आले. झुमरा, तुमचं वाक्य न वाक्य कागदावर लिहून नेलं होतं. पहिल्यांदा आवाजच वाढवून दिला. मग फोनवर तंबोरा लावला आणि बोट वर केलं: 'आत्ता गेला.' त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्या वेळी संगणकाकडे वळले. वेगळा प्रोग्रॅम मिळाला. त्यावर ठेवून ताटं घासली तर डोकं उठतं, पण तो ताटांसाठी नाहीच.

झिंझोटी मी जुन्याच प्रोग्रॅमवर आधी ऐकली. तीन मिनिटं, तुम्हाला गंमत सांगते: तबकडीची खरखर मशीनने बरीचशी खाल्ली! म्हणजे अगदीच नालायक नाही ते.

रात्री माझा तंबोरा काढला. आठ वर्षं शिकले होते, आता नुसती खोळ घालून उभा असतो. मारव्यासाठी पंचमाची तार निषादावर घेतली. खुंटी पिळताना दोनदा घसरली. जवारीचा दोरा जुना झालाय, तो सरकवत बसले अर्धा तास. मग भोपळ्याला कानशील टेकवून नुसता खर्ज, म्हणजे खालच्या सा ची तार, छेडला आणि थांबले. खर्जाच्या तारेत थोड्या वेळाने गंधार बोलतो, स्वयंभू गंधार म्हणायचे आमचे गुरुजी. गेली दोन-तीन वर्षं तो मला ऐकू येत नव्हता, आणि मी समजत होते की तारा खराब आहेत.

उजव्या कानात आला. बारीक, पण आला. डाव्यात अजून नाही, पुढच्या वेळी डाव्याचं बोलायचंय.

अतिकोमल, मारवा परत लावला, पूर्ण. भूप नाही झाला. थोडं चुकल्यासारखंच वाटलं.