चर्चगेट फास्ट, लेडीज डबा आणि पान्हा

आज अंधेरीला एक मुलगी चढली, रजेनंतरचा पहिला दिवस असावा. वांद्र्यापर्यंत कुर्त्यावर दोन ओले गोल उमटले, तिने बॅग छातीशी घट्ट धरली. शेजारच्या मावशींनी काही न विचारता स्वतःचा स्टोल तिच्या गळ्यात टाकला. मला 2009 आठवलं. तेव्हा रजा 12 आठवडे, त्यातले तीन आधीच गेलेले, लेक दोन महिन्यांचा असताना जॉइन झाले. चार वाजले की छाती दगड. टॉयलेटमध्ये बेसिनवर वाकून पिळायचे, नळ सोडून, आवाज नको म्हणून. ते दूध जाळीतून जाताना बघायचं आणि घरी लेक पावडरवर. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं कधी. तुम्ही पण लिहा गं.

---

भाकरी तव्यावर आहे, पटकन लिहिते. माझी सातव्या महिन्यात, 1 किलो 200, काचेच्या पेटीत. मला थेंब येईना आणि जो येईल तो विचारणार, दूध आलं का. सायनच्या टिळक हॉस्पिटलमध्ये मिल्क बँक आहे ना, 1989 ची, आशियातली पहिली, तिथलं दूध नळीतून 2-2 मिली. कुणाचं ते कधी कळलं नाही. अकराव्या दिवशी मला आलं, मग मीही देत राहिले. लेक आता दहावीला.

---

2017 पासून रजा 26 आठवडे झालीये पण पहिल्या दोन मुलांनाच. आणि 50 किंवा जास्त स्टाफ असेल तर पाळणाघराची सोय द्यावीच लागते, विचारा एचआरला. मी विचारलं तर निदान एक स्टोअररूम मिळाली, आतून कडी असलेली. रडले तिथे आनंदाने.

---

अळिवाचे लाडू दादरला तयार कुठे मिळतील? वहिनी बाळंत झालीये

---

तयार नको गं, नारळपाण्यात भिजव, ओलं खोबरं, गूळ, वरून जायफळ. ठाण्यात असशील तर मेसेज कर, मीच करून देते

---

मला दूध भरपूर होतं पण बाळाला जवळ घ्यावंसंच वाटेना, दीड महिना नुसतं रडू. आई म्हणायची ओल्या बाळंतिणीने रडू नये. चाळीतल्या काकू रोज अकराला यायच्या, बाळ घेऊन गॅलरीत बसायच्या, तू झोप म्हणायच्या. डॉक्टरकडेही त्यांनीच नेलं, गोळ्यांनी बरी झाले. पहिल्यांदाच लिहितेय हे.

---

बरं केलंस लिहिलंस. काकूंना माझा नमस्कार सांग.

स्टोल परत दिला का तिने?

---

नाही गं, मावशी दादरला उतरल्या. म्हणाल्या राहू दे, उद्या याच गाडीला भेटशील की.