मदत हवी आहे : तेजी-मंदीची चक्रं बघून मशीनचं कर्ज काढावं का?

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवतो. नवीन सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन घ्यायचंय, पण मध्येच मंदी आली तर हप्ते अंगावर येतील ही धास्ती आहे. म्हणून व्यापारचक्रांबद्दल, म्हणजे किचिन, ज्युग्लार, कोंद्रातिएव्ह या अभ्यासकांनी मांडलेल्या तेजी-मंदीच्या फेऱ्यांबद्दल वाचतोय.

किचिनचं साधारण ३ ते ४ वर्षांचं साठ्याचं चक्र पटतं. मागणी वाढली की सगळेच जास्तीचा माल भरून ठेवतात, ती जरा घटली की आधी साठा संपवतात आणि आमच्या ऑर्डरी एकदम आटतात. ज्युग्लारचं ७ ते ११ वर्षांचं चक्र यंत्रांतल्या गुंतवणुकीचं, म्हणजे थेट माझ्याच प्रश्नाचं. पण ७ आणि ११ मध्ये ४ वर्षांचा फरक आहे, तेवढ्यात अख्खं कर्ज फिटतं किंवा बुडतं! कोंद्रातिएव्हच्या ४०-६० वर्षांच्या लाटा तर जेमतेम चार-पाचच मोजल्या गेल्यात, त्यावरून नियम कसा काढायचा?

शिवाय २०२० ची टाळेबंदी कुठल्याच चक्रातून आली नव्हती. अमेरिकेत डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली मंदी अधिकृतपणे जाहीर झाली डिसेंबर २००८ मध्ये. तोवर लहान कारखानदाराने काय करायचं?

अर्थशास्त्र शिकवणारे, बँकेत कर्ज विभागात असलेले किंवा सातपूर-अंबडमध्ये मंदी काढलेले कुणी असाल तर सांगा: मशीन घेताना तुम्ही नक्की काय बघता? वाहनविक्री, पीएमआय (कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांच्या पाहणीवरून काढलेला निर्देशांक), रेपो दर, की फक्त हातातल्या ऑर्डरी? आणि हप्त्यांसाठी किती महिन्यांची रक्कम बाजूला ठेवता?