साडेपाच सेंटीमीटरचा सरडा: जंगल वाचवायचं की सरडा उचलून दुसरीकडे सोडायचा?

कांदिवलीकर
आफ्रिकेतल्या मालावी देशाच्या दक्षिण टोकाला मालावी हिल्स म्हणून डोंगर आहेत, तिथला चॅपमन्स पिग्मी शॅमेलिऑन हा बुटका सरडा फक्त तिथलाच. लांबी जास्तीत जास्त साडेपाच सेंटीमीटर, म्हणजे करंगळीएवढा, रंग वाळक्या पानाचा. 1992 साली शास्त्राला पहिल्यांदा कळला. 1980च्या दशकापासून तिथलं जवळपास 80 टक्के जंगल शेतीसाठी साफ झालं. आता सरडा संपला असणार असंच धरून चालले होते, पण 2016ला शोधायला गेले आणि जंगलाच्या पहिल्याच तुकड्यात 7 पूर्ण वाढलेले सरडे सापडले. सगळ्यात पहिला दिसला तो जंगलाच्या कडेला, पलीकडे मका आणि कसावा लावलेला.
माझं स्पष्ट मत, उरलेल्या तुकड्यांत एकही झाड पडता कामा नये. तुम्हाला काय वाटतं?

ठाणे_वेस्ट
मत चांगलंय पण जरा विचार करा, 1998ला यातले 37 सरडे उचलून उत्तरेला सुमारे 95 किलोमीटरवर मिकुंडीच्या जंगलात सोडले होते ना? ते तिथे टिकले, पुढे पिल्लंही सापडली. मग उपाय हातात असताना गरीब माणसाला मका लावू नको सांगायचा आपल्याला काय हक्क? आपण इथे टॉवरमध्ये बसून बोलणार आणि उपाशी राहणार तो.

दहिसरची_मेधा
ठाणे_वेस्ट दादा, आमच्या कोपऱ्यावरचा गुलमोहर रस्त्याच्या कामात असाच उचलून मैदानाच्या कडेला नेऊन लावला होता. बुंध्याला गोणपाट गुंडाळलं, पाटी लावली, महिनाभर टँकरही आला. आज तिथे कोरडा खुंट उभाय आणि पाटी अजून तशीच. उचलून नेलं म्हणजे वाचलं हे मी आता कुणाचंच ऐकत नाही.

ठाणे_वेस्ट
ताई, झाड वेगळं आणि सरडा वेगळा. तिकडे सरडे जगलेत, हे तर मान्य कराल?

कांदिवलीकर
जगले हे मान्यच, आणि 1998ला ज्यांनी ते केलं त्यांचे उपकारच आहेत. पण त्यावर मूळ जागा सोडून द्यायची? मिकुंडीत उद्या आग लागली तर? आणि मालावी हिल्समध्ये जे उरलेत त्यांची अडचण फक्त संख्येची नाही, तुकडे एकमेकांपासून तुटलेत आणि एवढासा प्राणी मक्याचं उघडं शेत ओलांडून पलीकडच्या तुकड्यात जाऊच शकत नाही. डीएनए तपासला त्यातही तेच दिसलं, या तुकड्यातल्यांचा त्या तुकड्यातल्यांशी संबंध तुटलाय. म्हणून नुसती तोड थांबवून भागणार नाही, मधे झाडं परत उभी करायला लागतील.

रोजची_मेट्रोवाली
मला पटत नाही. 2019च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या आरे जंगलात मेट्रोच्या कारशेडसाठी, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेसाठी, रात्री सुरुवात करून एक-दोन दिवसांत 2 हजारांवर झाडं तोडली तेव्हा मलाही रडू आलं होतं. पण आज आरे ते कफ परेड मेट्रो आहे, माझी आई बसच्या धक्क्यांतून सुटली. झाड पडलं की सगळं वाईट असं नसतं हो. मालावीतल्या बाईलाही तिच्या घराची काळजी असणारच ना.

दहिसरची_मेधा
तुमच्या आईचं ऐकून बरं वाटलं, खरंच. पण मेट्रोचा कारशेड कुठे करायचा यावर निदान वाद झाला, दुसऱ्या जागांची नावं निघाली. या सरड्याला दुसरी जागा म्हणजे ती एकच मिकुंडी.

बार्शीचा_नातू
मधेच बोलतो. मामाच्या गावाला बाभळीवर घोयरा बघितलाय, आपल्याकडचा शॅमेलिऑन तोच. एक डोळा माझ्याकडे, दुसरा वर मुंगळ्यावर, आणि पाय टाकताना पुढे-मागे असा झुलायचा की वाऱ्याने पान हलतंय वाटावं. गावात तो विषारी समजून काठीने मारायचे. विष अजिबात नसतं त्याला. मी दहा वर्षांचा होतो, आडवा उभा राहिलो आणि मामांच्या शिव्या खाल्ल्या. तो पिग्मीसुद्धा हातात घेतला तर चावत वगैरे नाही, नुसता थरथरतो. हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

ठाणे_वेस्ट
बरं, कांदिवलीकर, तोड थांबवा हे मी धरतो. पण कडेला मका लावणाऱ्याला बदल्यात काय द्यायचं ते आधी सांगा, त्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

कांदिवलीकर
रास्त आहे. मधली झाडं लावायची आणि राखायची मजुरी त्यालाच मिळाली पाहिजे, पीक बुडतं तेवढी तरी. जंगलाची कड त्याच्याइतकी कुणाला माहीत असणार?

ठाणे_वेस्ट
मजुरी दरवर्षी मिळणार असेल तर चालेल. एकदाच देऊन मोकळे होणार असाल तर नाही.